आपले मत आणि आपली जागा

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त नायगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 समितीने मला विषय दिला आहे ‘धम्म आणि राजकीय मतभेद’. विषय दिसायला सोपा, बोलायला अवघड. धम्मावर बोललं की सगळे माना डोलावतात. राजकारणाचं नाव काढलं की अर्धी मंडळी चपला शोधायला लागतात. आज मी दोन्हींवर बोलणार आहे, तेव्हा चपला जरा लांबच ठेवा.

मला एक साधा प्रश्न घ्यायचा आहे. आपलं मत बनतं कुठे? आपल्याला वाटतं की आपण पेपर वाचतो, भाषणं ऐकतो, दोन्ही बाजू तोलतो आणि मग मत ठरवतो. खरं पाहिलं तर उलटंच होतं. एखादा वाद निघाला की आपण आधी बघतो, त्यात आपली माणसं कोणत्या बाजूला आहेत. आपली जात, आपला धर्म, आपलं गाव, आपला पक्ष. पाय आपोआप तिकडे वळतात. कारणं मग मागाहून गोळा होतात.

हे फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. अमेरिकेत १९५१ साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांत फुटबॉलचा सामना झाला. फार धसमुसळा झाला, खेळाडूंची हाडं मोडली. पुढं दोन प्राध्यापकांनी त्या सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि सांगितलं, चुका मोजा. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथवाल्यांच्या जितक्या चुका दिसल्या, त्याच्या निम्म्याही डार्टमथच्या मुलांना स्वतःच्या संघाच्या दिसल्या नाहीत. फिल्म एकच. आपल्या कबड्डीच्या सामन्यात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे. आणि तिकडं तर सगळी शिकलेली पोरं होती, म्हणजे शिक्षणानं हा रोग जातो या भ्रमातही कुणी राहू नये. शिकलेल्याला कारणं जास्त सापडतात, एवढाच फरक.

आता आपल्या मातीतला दाखला घेऊ. तो नामांतराचाच घ्यावा लागेल.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन आठ-दहा दिवस झाले होते. ठराव मुंबईत झाला आणि आग मराठवाड्यात लागली. आपल्या नांदेड जिल्ह्यानं त्यात काय भोगलं, ते या सभेतल्या म्हाताऱ्या माणसांना मी सांगायचं कारण नाही. घरं जळाली, लोक रात्री-अपरात्री लेकरं घेऊन शिवारातून पळाले.

पण आज मला त्या अत्याचारांची यादी वाचायची नाही, ती दरवर्षी वाचली जाते. आज मला त्या वादात कोण कुठे उभं होतं आणि का, हे पाहायचं आहे.

नामांतराला विरोध करणाऱ्यांत गोविंदभाई श्रॉफ होते, दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव होते. ही माणसं कोण? हैदराबाद मुक्तिसंग्रामात निजामाविरुद्ध लढलेली, स्वामी रामानंद तीर्थांच्या तालमीत वाढलेली. त्यांना सरसकट जातीयवादी म्हणून आपण मोकळे झालो, पण त्यानं काहीच समजत नाही. त्यांचं सगळं आयुष्य ‘मराठवाडा’ या एका शब्दाभोवती गेलं होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं, १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात आला, १९५८ साली इथं विद्यापीठ झालं. त्यांच्या लेखी ‘मराठवाडा विद्यापीठ’ ही त्या लढ्याची पावती होती. नाव बदलायचं म्हणजे ती पावती पुसायची, असं त्यांना वाटलं.

आपल्याला काय वाटलं? आपल्याला आठवलं मिलिंद महाविद्यालय. निजामाच्या राज्यात आपल्या पोरांना मॅट्रिकच्या पुढं दार नव्हतं. १९५० साली बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं आणि आपल्यातले पहिले पदवीधर तिथून बाहेर पडले. आपल्यासाठी मराठवाड्यातलं उच्च शिक्षण म्हणजेच बाबासाहेब. मग नाव त्यांचं नाही तर कुणाचं?

एकच विद्यापीठ, एकच पाटी. दोघांनाही तिच्यावर स्वतःचं आयुष्य लिहिलेलं दिसत होतं. त्यांना आपलं आयुष्य दिसलं नाही. माझं ठाम मत आहे की न्याय आपल्या बाजूला होता. पण न्याय आपल्या बाजूला होता म्हणून आपल्याला त्यांचं आयुष्य दिसलं, असं मात्र म्हणता येणार नाही.

आणि खेड्यातला जो माणूस कुऱ्हाड घेऊन निघाला, त्यानं तर विद्यापीठ जन्मात पाहिलेलं नव्हतं. त्याला पाटीशी काय देणंघेणं? त्याचं दुखणं वेगळं होतं. महारवाड्यातल्या माणसानं मेलेलं ढोर ओढायचं सोडलं, वेठबिगार नाकारली, मजुरी रोख मागायला लागला, गायरान कसायला लागला, आणि त्याचं पोरगं इस्त्रीचे कपडे घालून कॉलेजला जायला लागलं. हा राग कित्येक वर्षांचा साचलेला होता. औरंगाबादच्या पाटीचं फक्त निमित्त झालं. बोलायला ‘मराठवाड्याची अस्मिता’ आणि आत ‘हे लोक लई माजलेत’. माणूस जे कारण तोंडानं सांगतो ते आणि पोटातलं कारण, यांत किती अंतर असतं ते तेव्हा पाहायला मिळालं.

पण जन्मच मत ठरवतो असं म्हणावं, तर तेही खरं निघत नाही. एस. एम. जोशी, बाबा आढाव, युवक क्रांती दलाची तरुण मंडळी नामांतराच्या बाजूनं उभी राहिली. त्यांच्या जातीचा त्यात फायदा नव्हता, उलट शिव्याच होत्या. आणि आपल्या भागातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे शहीद पोचिराम कांबळे. त्या काळच्या बिलोली तालुक्यातलं टेंभुर्णी हे त्यांचं गाव. आपलं नायगावही तेव्हा बिलोली तालुक्यातच होतं. ‘जय भीम’ म्हणणं सोडलं नाही म्हणून त्यांना मारलं. पोचिराम मातंग समाजाचे होते, बंधूंनो. ‘जय भीम’साठी आपल्या भागात ज्यांनी जीव दिला त्यात मातंग आहे, हे आपण नामविस्तार दिनाच्या भाषणात सांगतो आणि पंधरा जानेवारीला विसरतो.

पुढं सोळा वर्षं गेली. जोगेंद्र कवाडे सरांचा लाँग मार्च झाला, तुरुंग भरले, १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला निर्णय झाला, पण तो नामांतराचा नव्हता, नामविस्ताराचा होता. ‘मराठवाडा’ राहिलं आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव आलं. त्यावर आपल्यातच दोन तट पडले. कुणी पेढे वाटले, कुणी म्हणालं अर्धीच भाकर दिली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला विद्यापीठाची विभागणी होऊन नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ झालं. तेव्हा मात्र ‘नावानं काय पोट भरतं का?’ असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. आपली लेकरंही तिथं आनंदानं शिकली. ते योग्यच झालं.

तो ‘पोट भरतं का’वाला प्रश्न ध्यानात ठेवा. १९७८ साली आपल्याला जी उत्तरं ऐकावी लागत होती, त्यांतली तीन फार ठरलेली होती. एक, नाव बदलून पोट भरतं का? दोन, यानं मराठवाड्याची एकी तुटते. तीन, मागणी असेल बरोबर, पण ही वेळ नाही.

आता मी थोडं धम्माकडं वळतो आणि मग आजच्या वादाकडं येतो.

कालाम सुत्त आपल्या प्रत्येक सभेत निघतं. केसपुत्त गावचे कालाम तथागतांना म्हणाले, की एक गुरू येतो तो आपलंच खरं सांगतो, दुसरा येतो तो आपलं सांगतो, आम्ही कुणाचं धरावं? तथागतांनी त्यांना दहा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्या आधारावर एखादी गोष्ट खरी मानू नये. ऐकीव आहे म्हणून, परंपरेनं आली म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून. या गोष्टी आपल्या वक्त्यांना तोंडपाठ असतात, कारण त्या दुसऱ्यांच्या पोथ्यांवर मारायला सोप्या जातात. पण त्या यादीत आणखी एक आहे, ‘दिट्ठिनिज्झानक्खन्ति’. शब्द अवघड आहे. सोप्या भाषेत, आपण आधीच धरून ठेवलेल्या मताशी जुळतं म्हणून खरं मानणं. तेही नको, असं तथागत सांगतात. हे कलम आपल्या सभांत फारसं निघत नाही. का निघत नाही, ते तुम्हीच समजून घ्या.

चार उपादानं आपण शिकतो. उपादान म्हणजे घट्ट धरून ठेवणं. त्यात कामोपादान आहे, शीलव्रतोपादान आहे, दृष्टीचं म्हणजे मताचं उपादान आहे आणि ‘मी’पणाचं उपादान आहे. विषय-वासनांच्या जोडीनं तथागतांनी मताचं धरणं मांडलं. दारू सोडलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. मत सोडलेली फार थोडी.

आणि हे केवळ अडाण्यांना होतं असं नाही. कोसंबीच्या भिक्खूंची गोष्ट विनयात आहे. एक भिक्खू शौचकूपातून बाहेर आला आणि भांड्यात पाणी तसंच ठेवून आला. दुसरा म्हणाला, हा दोष आहे. पहिला म्हणाला, मला ठाऊक नव्हतं, असेल तर मान्य करतो. मुद्दाम केलं नसेल तर दोष नाही, असं म्हणून विषय मिटला. पण दुसऱ्यानं आपल्या शिष्यांना सांगितलं, त्यांनी पहिल्याच्या शिष्यांना डिवचलं, आणि बघता बघता संघाचे दोन भाग झाले. एक बाजू विनयाच्या पंडिताची, दुसरी धम्म सांगणाऱ्याची. तांब्याभर पाण्यावरून! तथागतांनी स्वतः समजावलं तरी ऐकलं नाही. शेवटी तथागत त्यांना सोडून पारिलेय्यक वनात निघून गेले. मग कोसंबीच्या उपासकांनी काय केलं? त्यांनी भिक्खूंना वंदन करायचं आणि भिक्षा द्यायची बंद केली. तेव्हा कुठं भांडण मिटायला लागलं. मला त्या गोष्टीत हे उपासक फार आवडतात. त्यांनी कोणत्या पंडिताचं बरोबर, हे ठरवण्यात वेळ घालवला नाही.

आता आजचा वाद. १ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सहा विरुद्ध एक असा निकाल दिला की राज्यांना अनुसूचित जातींचं उपवर्गीकरण करता येईल. २००४ साली आंध्रच्या प्रकरणात याच न्यायालयानं ते करता येणार नाही असं सांगितलं होतं, तो निकाल मागं पडला. योगायोग असा, की १ ऑगस्ट ही साहित्यरत्न अण्णाभाऊ साठे यांची जयंती. निकाल आला त्या दिवशी मातंग वस्तीत अण्णाभाऊंच्या मिरवणुकीचा गुलाल उडत होता आणि आपल्याकडं तोंडं उतरली होती. २१ ऑगस्टला भारत बंद झाला, ॲड. प्रकाश आंबेडकरांनी निकालाला विरोध केला. इकडं बिलोली-देगलूर ओलांडलं की तेलंगणा. तिथल्या मादिगा समाजानं १९९४ पासून दंडोरा चळवळ चालवली आणि एप्रिल २०२५ मध्ये तेलंगणानं वर्गीकरण अमलातही आणलं. महाराष्ट्र शासनानंही २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती अनंत बदर यांची समिती नेमली. म्हणजे हा विषय आता दारात आलेला आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत ५९ जाती आहेत आणि आरक्षण १३ टक्के. मातंग बांधव म्हणतात, या १३ टक्क्यांत आमच्या हाती फार थोडं लागलं, आमचा वाटा वेगळा काढा. आणि आपल्याकडची उत्तरं काय आहेत? मी वस्तीत ऐकतो, लग्नात ऐकतो, विहाराच्या ओट्यावर ऐकतो. ‘वर्गीकरणानं काय पोट भरणार हाय? आधी नोकऱ्या तर असू द्या.’ ‘हे आपल्यात फूट पाडायलेत.’ ‘मागणी असंल बरोबर, पण ही येळ न्हाई.’

बंधूंनो, ही तीन उत्तरं आपण कुठं ऐकली होती? पोट, एकी आणि वेळ. १९७८ साली आपल्याला ज्यांनी दिली, त्यांच्या तोंडातून निघून ती आपल्या तोंडात आली आहेत. शब्द तेच आहेत. जागा बदलली, एवढंच.

मी असं म्हणत नाही की ही उत्तरं खोटी आहेत. नोकऱ्या खरोखर आटल्या आहेत. कंत्राटी भरती वाढली, अनुशेष भरला जात नाही, खासगी शाळा-कॉलेजं वाढली. भाकरच लहान होत चालली आहे आणि तुकड्यांवरून भांडणं लावायचा डाव कुणाचा असू शकतो, हेही खरं. पण मी मला स्वतःला विचारतो, आणि तुम्हालाही विचारतो, की खासगीकरणाचा हा मुद्दा आपल्याला नेमका मातंग बांधव वाटा मागतो त्याच दिवशी का आठवतो? बाकीच्या दिवशी त्याच्यासाठी आपले किती मोर्चे निघतात?

दुसरी एक गोष्ट. १९५६ साली आपण बौद्ध झालो आणि केंद्राच्या सवलती आपल्या गेल्या. त्या परत मिळायला १९९० साल उजाडलं. ही मधली चौतीस वर्षं आपण काय सांगत होतो? नाव बदललं, धर्म बदलला, पण आमची परिस्थिती बदललेली नाही, ती बघा. तो मुद्दा बरोबर होता, म्हणून तर संसदेनं मानला. आज मातंग बांधव म्हणतोय, यादीत नाव एकच आहे पण परिस्थिती एक नाही, ती बघा. हा मुद्दा आपल्यालाच सगळ्यात आधी कळायला पाहिजे.

परिस्थिती वेगळी का झाली, याला इतिहास आहे. गावगाड्यात महाराला ठरलेला धंदा नव्हता, म्हणून तो लवकर बाहेर पडला. पलटणीत गेला, रेल्वेत गेला, मुंबईच्या गिरणीत गेला. मातंग दोरखंडाला, केरसुणीला, हलगीला बांधला गेला. बलुत्याची दोरी त्याच्या गळ्यात जास्त दिवस राहिली. शिवाय बाबासाहेबांची हाक आपण उचलली, हे आपलं भाग्य आणि आपले कष्ट दोन्ही आहेत. त्याबद्दल कुणी ‘बौद्धांनी सगळं खाल्लं’ असं म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. रात्री कंदिलाखाली अभ्यास केलेल्या पोरानं कुणाचं काही खाल्लेलं नाही. मातंग सभेतल्या वक्त्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवं, आणि ते त्यांच्यातल्याच माणसानं सांगितलं तर चालेल, आपण सांगितलं तर चालणार नाही. तसंच आपल्यातलं आपल्याच माणसानं सांगावं लागतं, म्हणून मी आज बोलतोय.

त्या सात न्यायमूर्तींत न्या. भूषण गवई होते. अमरावतीचे, रिपब्लिकन नेते रा. सू. गवई यांचे चिरंजीव, बौद्ध. त्यांनी वर्गीकरणाच्या बाजूनं निकाल दिला. विरोधात एकट्या न्या. बेला त्रिवेदी होत्या. गवईंना आपल्याकडं पुष्कळ शिव्या बसल्या. त्यांच्या निकालातल्या क्रीमी लेयरच्या मतावर वाद आहे, तो मी आज घेत नाही, तो स्वतंत्र विषय आहे. पण ‘आपला असून असं कसं बोलला?’ हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. एस. एम. जोशींना त्यांच्या लोकांनी हेच विचारलं असणार. आपण एसेमना डोक्यावर घेतो ना?

बाबासाहेबांनी स्वतः मत बदललेलं आहे. १९४८ साली त्यांनी मराठी भाषकांच्या एका प्रांताची बाजू मांडली आणि १९५५ साली भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात मराठी मुलखाचे चार भाग सुचवले, त्यात आपल्या मराठवाड्याचा भाग वेगळा होता. का? कारण मधल्या काळात त्यांनी लहान समाजाच्या जागेवरून तो प्रश्न पुन्हा पाहिला. मोठ्या राज्यात मोठ्या जातीचंच चालणार, ही त्यांची भीती होती. आपण त्या पुस्तकाचे गोडवे गातो, आणि अनुसूचित जातींच्या यादीत मोठी जात कोणती, हे विचारलं की गप्प बसतो.

माझं मत विचाराल तर सांगतो. आकडे मागावेत. न्यायालयानंही राज्यांना तेच बंधन घातलं आहे की वर्गीकरण करायचं तर मागासलेपणाची आणि अपुऱ्या प्रतिनिधित्वाची माहिती दाखवावी लागेल, आणि एकाच गटाला सगळं देता येणार नाही. तेव्हा जातवार नोकऱ्या, जातवार प्रवेश, सगळं शासनानं उघड करावं, ही मागणी आपण आणि मातंग बांधवांनी मिळून करावी. आकडे आले आणि त्यांत अंतर दिसलं, तर वाटा द्यावा. नाही दिसलं तर तसं त्यांच्या तोंडावर सांगावं. आकडे बघण्याआधीच मागणीला गद्दारी म्हणणं मला धम्मात बसत नाही. तुमच्यापैकी काहींना हे आवडलेलं नाही, मला समोरून दिसतंय. चहाच्या वेळी माझ्याशी भांडा.

फक्त भांडायच्या आधी एक करून बघा. मातंग बांधवाचा मुद्दा असा मांडून दाखवा, की तो ऐकून त्यानं म्हणावं, ‘हाव, मला हेच म्हणायचंय.’ तेवढं जमलं की मग विरोध करा, खुशाल करा. अजून मला तरी आपल्या सभेत असं करणारा भेटलेला नाही.

जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे ही मातंग समाजाची चौदा वर्षांची मुलगी. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. त्याचा विषय होता मांग-महारांचं दुःख. दोन्ही नावं एका शीर्षकात. पेशवाईत भोगलेलं लिहिताना त्या पोरीनं महारांना वगळलं नाही. अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ अर्पण केली ती बाबासाहेबांच्या लेखणीला.

समितीला माझी एक विनंती आहे, आणि ती करून मी थांबतो. येत्या १ ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती या विहारात करावी. मातंग वस्तीतल्या मंडळींना पत्रिका पाठवू नका, घरी जाऊन बोलवा. मुक्ता साळवेचा निबंध कुणातरी मुलीकडून वाचून घ्या. मग वर्गीकरणावर त्यांना बोलू द्या, अर्धा तास, मधे कुणी उठायचं नाही. त्यानंतर आपलं कुणीतरी बोलेल. चहा-खिचडीचा खर्च मी देतो, तेवढं अध्यक्षांनी आजच लिहून घ्यावं.

नमो बुद्धाय. जय भीम.